डोळे कोण, हात कोण

"तुझे वडील कपात बोट घालून चहा ओततात," सासूबाई म्हणाल्या. "मुलीला तिथे पाठवताना जरा विचार कर."

मी तेव्हा मुंगीच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का ते तिसऱ्यांदा बघत होते. मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय सात. चालायला लागली तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून नेत असते, म्हणून हे नाव. सासूबाईंचं बोलणं मी अर्ध्या कानाने ऐकलं. त्यांना स्वच्छतेचं वेड आहे. पाहुणे गेले की त्या दाराची कडीसुद्धा पुसून काढतात. शिवाय माझ्या माहेरावर बोलायला त्यांना निमित्तच हवं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

"हात धुतलेले असतात हो त्यांचे."

"धुण्याचं कोण म्हणतंय? बोट घालतात, आणि बोटाला चहा लागला की थांबतात. बघ एकदा नीट."

मी हसले आणि विषय बदलला. औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचणारी बाई आहे मी. शाळेच्या बसचा नंबर रोज लिहून ठेवते. मुंगी झोपलेली असताना तिच्या नाकापुढे हात धरून श्वास बघायची माझी सवय ती चार वर्षांची होईपर्यंत गेली नव्हती. नवरा म्हणतो, काळजी करण्याचा पगार मिळत असता तर आपण बंगला बांधला असता. अशी मी, पण चहा ओतणाऱ्या बाबांकडे बघितलं नाही. कारण सगळ्या जगात ते एकच घर होतं जिथे पोहोचलं की मी काळजी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत असे.

बाबांनी बत्तीस वर्षं एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात कॉम्प्युटर दुरुस्त केले. निवृत्त झाले, मग आई गेली, आणि ते जुने लॅपटॉप जमवायला लागले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, विटेसारखे जाड, मांडीवर घेतला तर मांडी बधिर होईल असे. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ऑफिसच्या अडगळीतून. बेकरीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे. पिवळे पडलेले, बिजागरी तुटलेले, कळा निखळलेले. बाबा एकेक खाली काढायचे, साफ करायचे, दोन मेलेल्यांचे भाग जोडून एक जिवंत करायचे. यंत्र सुरू होताना आधी पंखा फिरतो, मग एक बारीक 'टुक' होतो. तो 'टुक' ऐकला की बाबांचा चेहरा असा खुलायचा, जणू कुणी हाक मारली.

मुंगी पाच वर्षांची असताना तिने एका उघड्या लॅपटॉपात नाक खुपसून विचारलं, "आजोबा, हे गाव कुणाचं?" तिथून सुरुवात झाली. मग शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा गोट्या आला, मग अजून तिघं. दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, पाच मुलं. फी नाही. येताना नखं कापलेली असावीत, एवढीच अट.

बाबांची शिकवायची पद्धत वेगळी होती. मुलं जमली की ते विचारायचे, "आज डोळे कोण, हात कोण?"

एक मूल 'डोळे' व्हायचं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, यंत्राकडे बघायचं आणि दिसतंय ते सगळं बोलायचं. दुसरं मूल 'हात'. त्याने डोळे सांगतील तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. बाकीचे ऐकायचे आणि डोळ्यांनी काही गाळलं तर ओरडायचे. बाबा बाजूला खुर्चीत, पाठ टेकून, बहुतेक वेळा डोळे मिटून.

"सांगा."

"एक पंखा आहे. त्यावर धूळ आहे."

"कशी धूळ?"

"उशीतून कापूस निघतो ना, तशी."

"पंख्याच्या उजवीकडे?"

"एक चौकोन. त्याला खूप पाय आहेत. गोमेसारखे."

"शाब्बास. गोमेला हात लावायचा नाही. स्क्रू कुठाय?"

"वरच्या कोपऱ्यात. पण त्याचं डोकं झिजलंय, म्हाताऱ्या दातासारखं."

"कुणाच्या दातासारखं?"

"तुमच्या."

मग सगळी पोरं खिदळायची, बाबा सगळ्यात जास्त.

मी शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं आहे. मुलाने बघावं, बघितलेलं शब्दांत मांडावं, शिक्षकाने कमीत कमी बोलावं, यावर मी पानंच्या पानं वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. प्रत्यक्षात घडताना इथे पहिल्यांदा बघत होते, आणि तेही आपल्या बापाच्या खोलीत. मी भारावून गेले. शाळेच्या फाटकापाशी भेटणाऱ्या प्रत्येक आईला सांगितलं. डॉक्टरीणबाई कां-कूं करत होत्या, "विजेची कामं, लहान मुलं, बरं वाटत नाही हो." त्यांना मी म्हणाले होते, "माझी स्वतःची मुलगी जाते. मी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे. मी पाठवते म्हणजे बघा." माझ्या भित्रेपणाची अशी हमी मी वाटत सुटले होते. मुख्याध्यापिकांना दोन पानी टिपण नेऊन दिलं. एकदा येऊन बघते, म्हणाल्या.

मुंगीही बदलली होती. रस्त्याने चालताना माझा हात धरून बोलायची, "आई, पायरी. आई, डावीकडे सायकल. आई, पुढे पाणी, दोन पावलांवर." मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, बघ कसं निरीक्षण आलंय पोरीला.

"तुला आंधळी समजते की काय ती?" नवरा म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. बराच वेळ हसलो.

मुख्याध्यापिका ज्या शनिवारी अकराला येणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी मी बाबांची खोली आवरायला गेले. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"झाड, पूस, काय हवं ते कर. पण वस्तू जागच्या हलवू नकोस गं."

"बाबा, बाहेरचं माणूस येणार आहे."

"माणूसच आहे ना? बसेल खुर्चीत."

ते स्वयंपाकघरात गेले तसं मी माझं काम केलं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी वाळूची एक बादली असायची. आग लागलीच तर असावी म्हणून त्यांनी ठेवलेली, दुरुस्ती विभागातली जुनी शिस्त. काठ गंजलेली, पायात येणारी. मी ती उचलून खिडकीखाली सरकवली, मध्ये एक स्टूल ठेवलं, त्यावर मुख्याध्यापिकांसाठी उशी. खोली एकदम मोकळी दिसायला लागली. बाबांना सांगितलं नाही, उगाच वाद नको म्हणून.

अजून एक केलं. नोकरीला लागल्यावर मी घेतलेला लॅपटॉप बरीच वर्षं बंद पडून होता. करडा, वहीएवढा पातळ. तो घेऊन गेले होते. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला.

"हा पातळ आहे."

"पातळ तुम्ही घेत नाही, माहितीय मला. पण उद्या सगळ्या विटाच दाखवायच्या का? आणि सुरू झाला तर मुंगीला होईल."

अंगठा पुन्हा एकदा पाठीवरून गेला. जुन्या यंत्रांची बॅटरी मागून, दोन खटके सरकवले की बाहेर येते. याला खटके नव्हते. बॅटरी आत होती.

"ठेव," ते म्हणाले.

त्या एका 'ठेव'शी मी अजून भांडते आहे. नाही म्हणायला एवढाच वेळ लागला असता.

शनिवारी मी साडेनऊलाच जाऊन बसले. फोटो काढायचे होते. आज डोळे गोट्या, हात मुंगी. गोट्या नऊ वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला पटाईत. पाठीचे दहा स्क्रू निघाले. मुंगीने ते बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात ठेवले. झाकण उघडलं.

"सांग," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते खुर्चीत टेकून बसले नव्हते. उभे होते, हात पाठीमागे, अगदी मास्तरासारखे.

"खाली एक काळी पट्टी आहे, मोठी. तिच्यात तीन तुकडे आहेत, चॉकलेटसारखे."

"ती बॅटरी. सपाट आहे?"

गोट्या वाकला. बरोबर वरून, नाक खाली करून त्याने बघितलं.

"सपाट आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मुंगी, आधी तिची वायर सोड. सुटली? आता प्लॅस्टिकची पट्टी कडेने आत घाल. हळू. ती चिकटवलेली असते."

मी खाली बसून मुंगीचा चेहरा आणि तिची बोटं एका चौकटीत घ्यायला बघत होते. म्हणून माझी नजर टेबलाच्या पातळीला होती. म्हणून मला दिसलं. मधला तुकडा उशीसारखा फुगलेला होता. दिव्याचा उजेड त्यावर वाकून पडला होता. वरून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं, बाजूने बघणाऱ्याला सहज दिसलं असतं. ज्याने आयुष्यात शेकडो बॅटऱ्या पाहिल्या त्याला तर दारातून दिसलं असतं. हे सगळं मी आत्ता लिहिताना सुसंगत लिहिते आहे. तेव्हा माझ्या तोंडून फक्त "बाबा, ते..." एवढंच निघालं, आणि प्लॅस्टिकची पट्टी त्या फुगलेल्या तुकड्यात घुसली.

आधी कुकरची शिट्टी फसावी तसा आवाज आला. मग पांढरा धूर. त्याचा वास गोडसर होता, घशात टोचणारा.

"हात मागे! सगळे बाहेर! गल्लीत, पळा!" बाबांचा आवाज क्षणात आला, खणखणीत. मुलं दाराकडे धावली. बाबा डावीकडे वळले, टेबलाच्या कोपऱ्याशी वाकले आणि बादलीचा कान धरायला हात खाली नेला.

तिथे बादली नव्हती. त्यांच्या मुठीत हवा आली. त्यांनी पुन्हा हात नेला, जरा पुढे. मग जमिनीवरून तळवा फिरवला, आपण अंधारात पडलेली वस्तू शोधतो तसा. बाहेर लख्ख सकाळ होती. लाल बादली त्यांच्यापासून पाच पावलांवर होती, आणि त्यांचं तोंड तिच्याकडेच होतं.

"तिथे नाहीये, आजोबा," मुंगी म्हणाली. ती पळाली नव्हती. "आईने हलवलीय. खिडकीखाली. सरळ पाच पावलं, मध्ये स्टूल आहे, उजवीकडून या."

तिचा आवाज. धुरापेक्षा मला तिच्या आवाजाची भीती वाटली. त्यात घाई नव्हती, रडू नव्हतं. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

बाबा पाच पावलं चालले, उजवीकडून. बादली उचलली. "कुठे?"

"या तसेच मागे. थांबा. थोडं डावीकडे. अजून. हं, ओता."

तेवढ्यात मला माझे पाय सापडले. मी मुंगीला काखोटीला मारून बाहेर पळाले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं लाल झाली होती, एकावर फोड धरत होता. बेकरीवाल्याने नळ सोडला, मी तिचा हात त्याखाली धरला. चारी मुलं भिंतीला टेकून खोकत उभी होती. गोट्या हुंदके देत एकच म्हणत होता, "मी सांगितलं होतं ना नीट? सपाटच दिसत होती." त्याची काही चूक नव्हती. मुलाला जेवढं ठाऊक असतं तेवढंच दिसतं. एवढी साधी गोष्ट माझ्या दोन पानी टिपणात नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी मुख्याध्यापिका रिक्षातून उतरत होत्या. मी ओल्या हातांनी पुढे गेले आणि म्हणाले, "बाबांना अचानक बरं नाहीये, आज राहू दे." हे खोटं माझ्या तोंडून इतकं सहज आलं, की त्या क्षणी मला कळलं मी कुणाची मुलगी आहे.

मुलं घरी गेल्यावर, मुंगीला बेकरीवाल्याच्या बायकोकडे बसवून, मी आत गेले. खिडक्या उघड्या होत्या. बाबा स्टुलावर बसले होते, मुख्याध्यापिकांच्या उशीवर. बुटांवर वाळू होती.

"पोरीचा हात?"

"दोन बोटं भाजलीत. कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे मी मान्य करते. "तीन वर्षं होतील. काचबिंदू. गेलो तेव्हाच उशीर झाला होता. उजव्याने काही नाही. डाव्याने नळीतून बघावं तेवढं, तेही धुक्यातलं. थेंब घालतो रोज."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला. "हे सगळं भंगारात दिलं असतंस आणि मला तुमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर आणून बसवलं असतंस. प्रेमानेच. रोज चार वेळा विचारलं असतंस, बाबा, काही हवंय का?"

"पाच मुलं, बाबा! लोकांची मुलं! मी शब्द दिला होता सगळ्यांना!"

"प्रत्येक यंत्र मी आदल्या दिवशी हाताने तपासतो. प्रत्येक बॅटरीवरून बोट फिरवतो. मुलांपुढे कधी वाईट आली नाही. याचे स्क्रू मला ठाऊक नव्हते. तू गेल्यावर काल उघडायला बसलो होतो. तीन सापडले, बाकीचे नाही."

"मग आज झाकण निघाल्यावर हात का नाही लावलात?"

त्यांनी बुटावरची वाळू झटकली. "आज तू होतीस. हात फिरवला असता तर तुला कळलं असतं."

वा. म्हणजे शेवटी माझ्याच डोक्यावर. मी बघत होते म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले, आणि माझ्या मुलीचे हात पुढे केले. चहाच्या कपातलं बोट मला तेव्हा आठवलं. सासूबाईंना जे दोन भेटींत दिसलं ते मला तीन वर्षांत दिसलं नाही. तीन वर्षं हा माणूस दारात माझ्या पावलांवरून मला ओळखून "आज दमलेली दिसतेस" म्हणायचा. मी म्हणायचे, बाबांना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळतं.

"अजून एक," बाबा खाली बघत म्हणाले. "हे घराण्यात येतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, मुलीचे डोळे तपासून घ्या म्हणून. ते एक तू करून घे."

"तेव्हा म्हणजे? तीन वर्षांपूर्वी?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

धूर, फोड, गोट्याचे हुंदके, हे सगळं मी कदाचित गिळलं असतं. माझ्या बापाने स्वतःचं गुपित राखायला माझे डोळेसुद्धा पणाला लावले, हे घशाखाली उतरेना. मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. आईचं नाव घेतलं, तिलाही असंच फसवलं असेल म्हणाले. शेवटी म्हणाले, "मुंगी या दारात पुन्हा येणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "मग किल्लीही ठेवून जा."

मी जुडग्यातली किल्ली काढून टेबलावर टाकली. ती कुठे पडली ते त्यांनी ऐकलं आणि हात नेमका तिच्यावर ठेवला.

घरी येऊन मुंगीच्या बोटांना मलम लावताना मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मी मोठ्या गटात होते तेव्हापासून. मी त्यांच्यापुढे स्क्रू धरला, ते घेईचनात. मग मी त्यांच्या हातात ठेवला."

"आणि ते म्हणाले, आईला सांगू नकोस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "म्हणाले, आपण दोघं मिळून एक पूर्ण माणूस आहोत. तू बघायचं आणि सांगायचं, मी करायचं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आई, तुझ्या डाव्या गालावर पाणी आहे."

दीड वर्ष. माझी मुलगी दीड वर्ष अर्धा माणूस होऊन जगत होती, आणि रोज संध्याकाळी मला विचारत होती, आई, आज काय केलंस? मी तिच्या दप्तरातला प्रत्येक कागद बघत होते. तिच्या तोंडाला तिने लावलेलं कुलूप मला दिसलं नाही. बाबांवरचा राग मला कळतो. सात वर्षांच्या मुलीने आपल्याशी इतकं व्यवस्थित खोटं वागावं, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तिला रागावता येत नाही, कुशीत घेतलं तरी मध्ये काहीतरी राहतं.

सगळ्या आयांना मी खरं काय ते लिहून पाठवलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? पाण्याच्या बाटलीचं झाकण तीनदा तपासणाऱ्या तुम्ही?" मी नाही म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. गोट्या आता माझ्याकडे बघून रस्ता बदलतो. सासूबाई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. मलाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. माझे डोळे सध्या ठीक आहेत, दर वर्षी यायला सांगितलंय.

या सगळ्याला सात आठवडे झाले. बाबा माझा फोन उचलत नाहीत. दोनदा गेले. आतून विचारलं, "कोण?" मी म्हणाले, "मी." रेडिओचा आवाज वाढला. तिसऱ्या वेळी काही न बोलता नुसतीच उभी राहिले, तरी रेडिओ वाढला. पावलं ओळखली असतील. नवरा गेला, त्यालाही तेच. मुंगीला मी पाठवणार नाही. ती गेली तर दार उघडेल, आणि ती पुन्हा बघायला आणि सांगायला लागेल.

बेकरीवाला म्हणतो, सकाळी पाव न्यायला येतात, बोलतात, ठीक आहेत. पण दिवसभर आतून हत्यारांचा आवाज येतो, आणि कधी कधी काहीतरी जळल्याचा वास. म्हणजे ते अजून यंत्रं उघडताहेत. एकटे. कुणीही सांगणारं नसताना.

मी त्यांना माफ केलेलं नाही. तो भाग वेगळा. पण ते दार माझ्यासाठी उघडणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुम्ही आमच्या भागातले असाल, तर बेकरीमागची गल्ली तुम्हाला सापडेल. डावीकडचं तिसरं दार. रिकाम्या हाताने जाऊ नका, जुना जाड लॅपटॉप असेल तर घेऊन जा, त्याची बॅटरी आधीच काढून घरी ठेवा. दुरुस्त करून हवाय म्हणा. लॅपटॉपसाठी ते दार उघडतात. ही पण फसवणूकच आहे, मला कळतंय. आत गेलात की घाई करू नका. गरम होणाऱ्या हत्यारांची वायर भिंतीतून काढलेली आहे का बघा. खिडकी उघडी असते का बघा. फळीवर डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल, ती भरलेली आहे की संपत आलीय ते बघा. त्यांची बोटं बघा, ताजं भाजलेलं आहे का, किती ठिकाणी. ते तुमच्या डोळ्यांत बघून बोलतील, हसतील, सगळं छान चाललंय म्हणतील.

त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. बोटं बघा, आणि मला कळवा.